तेरावे चॅनेल : वायफायच्या एका रकान्यामागचा शतकभराचा इतिहास

१/
आजचा थ्रेड गडकोटांचा नाही, ताम्रपटाचाही नाही. संगणकात वायफाय अडॅप्टर बसवताना एक लहानसा रकाना समोर येतो आणि बहुतेक जण तो न वाचताच पुढे जातात. त्या रकान्याचा हा इतिहास आहे. त्यात १९२७ चे खडकी आहे, १९४२ ची मुंबई आणि नंदुरबार आहे, २००५ ची एक राजपत्रित अधिसूचना आहे, आणि आमचे लोणखेडाही आहे. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

२/
दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. शहाद्याला लागूनच आमचे लोणखेडा. राउटर ओसरीत, जुना संगणक मागच्या खोलीत, आणि मध्ये धाब्याच्या जुन्या घराची हातभर जाडीची मातीची भिंत. भिंतीला भोक पाडून केबल नेण्यास आजोबांची परवानगी नव्हती. म्हणून शहाद्याहून बोटाच्या पेराएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर आणला. प्रबंधासाठी जुन्या वृत्तपत्रांचे डिजिटल अंक मोबाइलच्या पडद्यावर वाचून डोळे शिणले होते.

३/
अडॅप्टर बसवण्याचे काम वरवर सोपे असते. यूएसबीच्या खाचेत तो खोचायचा, विंडोजला ड्रायव्हर सापडू द्यायचा (न सापडल्यास निर्मात्याच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या यंत्रावर उतरवून आणायचा), मग कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारून आपल्या नेटवर्कचे नाव निवडायचे आणि पासवर्ड घालायचा. मीही तेच केले. यादी उघडली. शेजाऱ्यांची तीन नेटवर्के दिसली. आमचे दिसेना.

४/
त्याच टेबलावर ठेवलेल्या मोबाइलला मात्र आमचे नेटवर्क स्वच्छ दिसत होते. म्हणजे भिंतीचा दोष नाही, राउटरचाही नाही. मी ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, यूएसबीची खाच बदलली, संगणक तीनदा बंद-चालू केला. दोन तास गेले. शेवटी मोबाइलवरून राउटरचे पान उघडले आणि एक आकडा दिसला. जोडणी करून गेलेल्या तंत्रज्ञाने, बहुधा शेजाऱ्यांची गर्दी टाळण्यासाठी, राउटर १३ व्या चॅनेलवर ठेवला होता.

५/
मग संगणकात डिव्हाइस मॅनेजर उघडले. नेटवर्क अडॅप्टर्स, त्यात आपला अडॅप्टर, त्याचे प्रॉपर्टीज आणि तेथील 'अॅडव्हान्स्ड' हा भाग. गुणधर्मांच्या लांबलचक यादीत एक ओळ होती : कंट्री रीजन, २.४ गिगाहर्ट्झ. तिच्यापुढचे मूल्य होते '१ ते ११'. पेटीतून निघालेला अडॅप्टर स्वतःला अमेरिकेत समजत होता. बारावे आणि तेरावे चॅनेल त्याच्या जगात अस्तित्वातच नव्हते.

६/
हे आकडे काय आहेत, ते थोडक्यात पाहू. वायफायचा जुना आणि सर्वाधिक वापरातला पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा. त्यातील पहिल्या चॅनेलचा मध्य २४१२ वर, आणि पुढचे प्रत्येक चॅनेल ५ मेगाहर्ट्झने सरकलेले. तेराव्याचा मध्य २४७२ वर येतो. मूळ पद्धतीत एक चॅनेल सुमारे २२ मेगाहर्ट्झ रुंद असते, म्हणजे तेरावे २४८३ पर्यंत पोहोचते. पट्ट्याच्या कुंपणापासून केवळ अर्धा मेगाहर्ट्झ अलीकडे!

७/
अमेरिकेत त्या कुंपणापलीकडच्या पट्ट्याला कडक संरक्षण आहे. त्यामुळे तेथील बाजारासाठी घडवलेली साधने सहसा अकराव्या चॅनेलवरच थांबतात. युरोपात आणि भारतात तेरापर्यंत मुभा आहे. जपानने तर एके काळी आणखी वर, २४८४ वर, चौदावेही दिले. लहरी त्याच, यंत्रही तेच. त्या यंत्राने कुठवर ऐकावे आणि बोलावे, हे मात्र देशोदेशीचा कायदा ठरवतो. त्या रकान्यात तो कायदा दोन आकड्यांत मावला होता.

८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे स्वाभाविक प्रश्न पडतो. भारतात ही मुभा कोणी दिली? कधी दिली? आणि त्याआधी काय होते? मी '१ ते १३' निवडणार, एवढ्यात आजोबा दारात आले. संगणकातून बाहेर डोकावणाऱ्या त्या तुकड्याकडे पाहून त्यांनी आमच्या अहिराणीत विचारले, "याले बी लायसन लागस का रे?" यालाही परवाना लागतो का? मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी ट्रंक उघडली आणि एक जीर्ण पुस्तिका माझ्या हाती ठेवली : घरच्या रेडिओचा परवाना.

९/
आजच्या विशीतल्या वाचकाला हे ठाऊक नसेल. घरात रेडिओ ठेवायचा तर टपाल कार्यालयात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागे. पुस्तिकेत वर्षावर्षाची नोंद होई. ही पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत चालली. बातम्या आणि गाणी केवळ ऐकण्यासाठी सरकारची अनुमती! या व्यवस्थेची मुळे शोधायची तर आपल्याला पुण्याजवळ जावे लागेल, १९२७ मध्ये.

१०/
२३ जुलै १९२७. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्या दिवशी दोन गोष्टींचा आरंभ झाला. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. आणि भारत-इंग्लंड बिनतारी तारायंत्राची 'बीम' सेवा सुरू झाली, जिच्यावरून आयर्विन आणि राजे पाचवे जॉर्ज यांच्यात शुभेच्छांची देवाणघेवाण झाली. या बीम सेवेचे प्रेषण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला.

११/
बोलणे खडकीला आणि ऐकणे दौंडला, असे का? स्वतःच्या प्रचंड शक्तीच्या प्रेषकाशेजारी बसून हजारो मैलांवरून आलेली क्षीण लहर ऐकता येत नाही. स्वतः ओरडत असताना दुसऱ्याची कुजबुज कानी पडत नाही, तसेच हे. म्हणून दोन्ही कामे दोन गावांत वाटली. इंग्लंडच्या टोकालाही हीच रचना होती.

१२/
माझ्या हातातला अडॅप्टर ही दोन्ही कामे एकाच इवल्या अँटेनावर करतो. अंतराने न सुटलेला प्रश्न तो वेळेने सोडवतो. एकाच क्षणी तो एक तर बोलतो किंवा ऐकतो. बोलण्याआधी हवा मोकळी आहे का, याचा कानोसा घेतो. मोकळी नसेल तर अल्पकाळ थांबतो. तो काळही यदृच्छेने निवडतो, म्हणजे दोघे थांबलेले पुन्हा एकदम बोलत नाहीत. ही शिस्त नसती तर एका गल्लीतली दहा घरे एकाच पट्ट्यात नांदू शकली नसती.

१३/
पुन्हा १९२७ कडे येऊ. ब्रॉडकास्टिंग कंपनीचे उत्पन्न मुख्यतः परवानाशुल्कातून यायचे होते. परवानाधारक मात्र काही हजारांतच राहिले. विनापरवाना ऐकणारेही पुष्कळ होते. तीन वर्षांत कंपनी बुडाली आणि १९३० मध्ये प्रसारण सरकारच्या हाती आले. १८८५ च्या तार कायद्याने तारेचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता, पण घरात नुसते यंत्र बाळगणाऱ्याला पकडण्यास तो पुरेसा ठरत नव्हता. त्यातून आला १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा.

१४/
हा कायदा १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. त्याचे सार एका वाक्यात सांगता येते : परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा. वापरले की नाही, हा प्रश्नच नाही. पहिल्या गुन्ह्यास १०० रुपयांपर्यंत दंड, पुढच्यास २५० पर्यंत. पण या कायद्याच्या चौथ्या कलमात एक लहानसे दार ठेवलेले होते. सरकार नियम करून कोणा व्यक्तीला वा वर्गाला या बंदीतून सूट देऊ शकत होते. हे चौथे कलम लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे.

१५/
१९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशी रेडिओ चालकांचे परवाने रद्द झाले. हवा आता पूर्णपणे राज्यकर्त्यांची झाली होती. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते एका रात्रीत गजाआड गेले आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच हवेत स्वतःचा आवाज सोडला. ऑगस्टच्या अखेरीस 'काँग्रेस रेडिओ' ४२.३४ मीटरवर ऐकू येऊ लागला. आजच्या भाषेत ही वारंवारता ७.०८ मेगाहर्ट्झ.

१६/
ते प्रक्षेपक एका जागी फार काळ ठेवले जात नसे. मुंबईतल्या एका घरातून दुसऱ्या घरात ते हलत राही, कारण लहर जिथून निघते त्या ठिकाणाचा माग काढता येतो. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांचा छापा पडला. उषाताईंना चार वर्षांची सजा झाली आणि येरवड्याच्या तुरुंगातून त्या १९४६ मध्ये सुटल्या. हा रेडिओ जेमतेम अडीच महिने चालला.

१७/
ते का आवश्यक होते, हे आम्हा नंदुरबारकरांना वेगळे सांगावे लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. शिरीष अवघा पंधरा वर्षांचा होता. माणिक चौकातले स्मारक आम्ही शाळेच्या सहलीपासून पाहत आलो आहोत. निर्बंधांच्या त्या दिवसांत अशा घटना गावाबाहेर कशा पोहोचल्या असतील, याचा विचार मी त्या दिवशी हातात रेडिओचा परवाना धरून पहिल्यांदा केला.

१८/
काळाचा योगायोग पाहा. त्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९४२ रोजी, अमेरिकेत हेडी लमार ही चित्रपट अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांना एक पेटंट मिळाले. पाणतीराला दिलेला रेडिओ संदेश शत्रूने अडवू नये, म्हणून संदेशाने एका वारंवारतेवरून दुसरीवर उड्या मारत जावे, अशी ती कल्पना. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकात जे पर्याय होते, त्यांपैकी एक अशाच उड्यांचा होता. तेच वायफायचे एकमेव मूळ, असे मात्र म्हणता येत नाही. मुख्य वाट पुढे दुसऱ्या पद्धतींनी काढली.

१९/
मग हा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा कसा राहिला? उत्तर १९४७ मध्ये आहे. त्या वर्षी अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखले गेले. ही यंत्रे संदेश पाठवत नाहीत, उष्णता निर्माण करतात. मायक्रोवेव्ह भट्टी २४५० मेगाहर्ट्झवर चालते, ती याच पट्ट्यात. म्हणजे संदेशवहनाच्या दृष्टीने हा पट्टा गोंगाटाचा, गावकुसाबाहेरचा. म्हणूनच त्याच्यावर कोणाचा फारसा डोळा नव्हता.

२०/
मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या दुर्लक्षित पट्ट्यांत, ठरावीक पद्धतीने आणि मर्यादित शक्तीने, परवान्यावाचून संदेशवहनास मुभा दिली. त्या मुभेच्या बळावर नेदरलँड्समधील एनसीआर कंपनीच्या अभियंत्यांनी दुकानांतील गल्लायंत्रे तारेवाचून जोडण्याचे काम हाती घेतले. त्यांच्यातील विक हेस यांनी पुढे मानक ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले. १९९७ मध्ये मानक आले तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १ आणि २ मेगाबिट इतकाच होता. 'वायफाय' हे नाव १९९९ चे.

२१/
भारतात मात्र १९३३ चा कायदा जिवंत होता. १९५२ मध्ये स्थापन झालेली केंद्राची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा वारंवारतांचे वाटप पाहत होती. २८ जानेवारी २००५ रोजी राजपत्रात सा.का.नि. ४५(अ) ही अधिसूचना आली आणि २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या साधनांना परवान्यातून सूट मिळाली. अटी अशा : प्रेषकाची शक्ती १ वॅटपर्यंत, अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅटपर्यंत, आणि अँटेना अधिकृत इमारतीच्या छतापासून ५ मीटरच्या आत.

२२/
ही सूट कोणत्या अधिकाराने दिली? १८८५ च्या कायद्याचे चौथे व सातवे कलम, आणि १९३३ च्या कायद्याचे चौथे व दहावे कलम! वसाहतकाळातल्या बंदीच्या भिंतीत ठेवलेले ते छोटे दार सत्तर वर्षांनी असे उघडले. भिंत मात्र पाडलेली नव्हती. आपल्या घरातले वायफाय कायद्याच्या नजरेत 'हक्क' म्हणून आलेले नाही, ते 'सूट' म्हणून आलेले आहे. कोणाला काय दिले, याइतकेच ते कोणत्या शब्दात दिले, हे इतिहासकाराने पाहावे असे आमचे गुरुजन सांगतात. येथे तो शब्द सूट हा आहे.

२३/
सूट अटींसह असते, याचा प्रत्यय महाराष्ट्रानेच घेतला. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या वायफायवरून गेल्याचे तपासात निष्पन्न झाले. त्या घरात राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्याचे नेटवर्क दुसऱ्यानेच वापरले होते. २००९ च्या आरंभी दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. म्हणून राउटरवर डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ मध्येच फोडली गेली आहे. पासवर्ड लांब ठेवा, आणि राउटरच्या पानाचा मूळ पासवर्डही बदला.

२४/
पुढचे दार २०१८ चे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ इतका भाग परवानामुक्त झाला. २.४ मधील ८३.५ शी तुलना केली की त्याचा विस्तार ध्यानात येतो. दोन्ही पट्ट्यांवर चालणारा अडॅप्टर घेण्याचे कारण हेच. ५ गिगाहर्ट्झ जवळच्या अंतरावर वेगवान आणि कमी गर्दीचा, पण भिंतींपुढे लवकर थकतो. आमच्या मातीच्या भिंतीपलीकडे २.४ च तग धरतो. २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा संमत केला तो १८८५ आणि १९३३ या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी. त्यामुळे हा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत पुढे सरकतो आहे.

२५/
आता कोणाचा अडॅप्टर अडला असेल तर क्रम सांगून ठेवतो.
अडॅप्टर ओळखला गेला आहे का, ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहा. पिवळे चिन्ह दिसल्यास ड्रायव्हर घाला.
शेजारची नेटवर्के दिसतात पण आपलेच दिसत नाही, असे असेल तर राउटरचे चॅनेल तपासा. १२ किंवा १३ असेल तर अडॅप्टरचा देश-रकाना भारताला अनुरूप करा. तो पर्यायच नसेल तर राउटर १, ६ किंवा ११ वर आणा. ही तिन्ही चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत.
राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि अडॅप्टर जुना असेल, तरीही नेटवर्क दिसणार नाही.

२६/
आणखी दोन गोष्टी. यूएसबी अडॅप्टर संगणकाच्या पाठीमागे लावला तर लोखंडी पेटी लहरी अडवते. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून तो मोकळ्या जागी, थोडा उंच ठेवा. पत्र्याचे कपाट, पाण्याची टाकी आणि चालू मायक्रोवेव्ह मध्ये येऊ देऊ नका. आणि अधिक पल्ल्याच्या मोहाने देश-रकान्यात भलताच देश घालू नका. तेथील शक्तीची आणि चॅनेलची मर्यादा वेगळी असते. सूट आपल्याला मिळाली आहे ती अटी पाळण्याच्या बोलीवर.

२७/
आता लोणखेड्याबाहेर पाहू. आमच्या उत्तरेला सातपुडा आहे. याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. म्हणजे ज्या ओळखपत्राचा पडताळा बहुधा जाळ्यावरून होतो, त्याचा आरंभ आमच्या जिल्ह्यात झाला. त्याच जिल्ह्यात धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांतील कित्येक पाड्यांवर आजही मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते. हवा परवानामुक्त झाली म्हणून तिच्यात आपोआप लहर येत नाही. कोणीतरी खालपर्यंत तार, वीज आणि मनोरा आणावा लागतो.

२८/
ही सूट दुर्गम भागाच्या कामी येऊ शकते, याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील २५ गावांना ५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातून जोडून दाखवले. जेथवर ऑप्टिकल तंतू आहे तेथून पुढे दिशादर्शी अँटेनांनी गावोगाव दुवे साधायचे, ही त्यामागची योजना. एका दिशेला रोखलेली लहर दूर जाते, हे खडकीच्या बीम केंद्राचेच तत्त्व. तेव्हा ते साम्राज्याच्या तारांसाठी होते आणि येथे ग्रामपंचायतीसाठी. सातपुड्याच्या पाड्यांनाही असे दुवे मिळावेत, यासाठी पट्टा मिळवण्याची अडचण उरलेली नाही. इच्छा आणि पैसा एवढ्याच अडचणी आहेत.

२९/
त्या संध्याकाळी मी रकान्यात '१ ते १३' निवडले, अडॅप्टर बंद करून पुन्हा सुरू केला, आणि यादीत आमचे नेटवर्क उमटले. आजोबा खुर्ची ओढून शेजारी बसले. "लायसन लागत नाही, सूट आहे," मी त्यांना सांगितले. त्यांनी परवान्याच्या पुस्तिकेतील नोंदींवरून बोट फिरवले आणि विचारले, "आणि सूट काढून घेतली तर?" या प्रश्नाला माझ्याजवळ चटकन देता येईल असे उत्तर नव्हते. जगात अनेक ठिकाणी आणि आपल्याही देशात इंटरनेट बंद करण्याचे आदेश निघतात, हे त्यांनाही बातम्यांमधून ठाऊक आहे.

३०/
शेवटी एक विनंती. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत, माळ्यावर, जुन्या फायलींत रेडिओचा वा दूरचित्रवाणीचा परवाना असू शकतो. तो रद्दीत देऊ नका. टपाल कार्यालयाचे नाव, वर्ष, शिक्का आणि भरलेले शुल्क यांचे स्वच्छ छायाचित्र घ्या, आणि तो परवाना कोणाच्या नावावर होता, रेडिओ कोणता होता, गावात आणखी कोणाकडे होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. शासकीय दफ्तरात परवान्यांचे आकडे सापडतील. त्या रेडिओभोवती संध्याकाळी कोण बसत असे, हे मात्र दफ्तरात नाही. आमच्या घरची पुस्तिका मी छायाचित्रित केली आहे, आणि आता आजोबांच्या आठवणी लिहून घेतो आहे. तुमच्याकडे काय सापडले, ते खाली जरूर कळवा.